बापूरावांना दिसलेली लिपस्टिक

बापूरावांचा विश्वास कुणावरच नव्हता. उभा जन्म बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेल्यामुळे समोरचा माणूस फुकट्याच आहे असं धरूनच ते बोलायला सुरुवात करत. निवृत्त होऊन बिबवेवाडीच्या घरात बसले, तरी संशयाला काही निवृत्ती मिळाली नाही. अलीकडे तर त्यात भरच पडली होती. वर्तमानपत्रवाले शाई वाचवायला अक्षरं फिकी छापतात, दिव्यांचे कारखानदार मुद्दाम मंद दिवे विकतात आणि डोळ्यांचे डॉक्टर धडधाकट माणसाला मोतीबिंदू चिकटवतात, अशी त्यांची ठाम समजूत होती. "ऑपरेशन करा असंच म्हणणार तो. दवाखाना थाटलाय, भजन करायला थोडाच?" असं म्हणून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला होता.

आणि एके सकाळी त्यांना बायकोच्या ओठांवर लिपस्टिक दिसली.

साधीसुधी नव्हे, चांगली लालभडक. कौशल्याबाईंनी साठी ओलांडली होती. सून आणि लेक खराडीहून येताना कौतुकानं काहीबाही आणत, ते सगळं कपाटात पडून राही. स्वतःच्या लग्नातसुद्धा या बाईनं पावडरीपलीकडे तोंडाला काही लावलं नव्हतं. आणि आता भुवया काळ्याभोर, डोळ्यांत काजळ, ओठ असे, आणि हातात चहाचा कप.

"कुठं लग्न आहे का?" बापूरावांनी विचारलं.

"नाही. का हो?"

"काही नाही. म्हटलं, मला बोलवायचं राहिलं की काय."

कौशल्याबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. बापूराव तिथंच सावध झाले. विनातिकीट बसलेला माणूस नेमका असाच खिडकीबाहेर बघतो.

तपासणी सुरू झाली. बाई सकाळी उठल्या की आधी आरशापुढे उभ्या राहतात, मग स्वयंपाकघरात जातात. गुरुवारी दुपारी "येते जरा जाऊन" म्हणून बाहेर पडतात. कुठं, ते सांगत नाहीत. परत येतात तेव्हा पदराला गोडसर क्रीमचा वास असतो. बापूरावांना एकदम आठवला तो ज्येष्ठ नागरिक संघातला बद्रीनाथ. केस रंगवणारा, प्रत्येक सहलीत गाणी म्हणणारा, आणि बायकांना "आपण फार छान दिसता" असं बिनदिक्कत सांगणारा. झालं, त्यांच्या डोक्यात सगळा हिशेब जुळला.

खरं सांगायचं तर बापूराव घाबरले होते. चाळीसएक वर्षांत या बाईला आपण कधी 'छान दिसतेस' म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते दुसऱ्या कुणी म्हटलं असेल आणि तिला ते गोड लागलं असेल, तर तिचं काय चुकलं? रात्री ती शेजारी झोपलेली असताना त्यांना तिच्या श्वासाचा आवाज ऐकत पडून राहावंसं वाटे. पण सरळ विचारण्याची माणसाला सवय हवी ना!

पुढच्या गुरुवारी कौशल्याबाई पोपटी साडी नेसून निघाल्या. बापूराव जरा अंतर ठेवून मागोमाग. चौकात गर्दी होती, पण पोपटी रंग त्यांनी नजरेआड होऊ दिला नाही. भाजीच्या गाड्या, औषधांचं दुकान, बसचा थांबा. साडी थांब्यावर थांबली, पंधरा मिनिटं झाली तरी हलेना. म्हणजे बाहेरगावचा बेत! बापूराव तरातरा गेले आणि त्यांनी मागून दंड धरला.

"कुठं निघालीस? खरं सांग!"

"अहो काका, हात सोडा! लाज नाही वाटत?"

आवाज कौशल्याचा नव्हता. बापूरावांनी चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथं नाक नव्हतं, डोळे नव्हते. पुसलेल्या पाटीसारखं काहीतरी पांढुरकं होतं. भोवती माणसं जमली, तीही तशीच. कुणीतरी त्यांची कॉलर धरली.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक चेहरा धावत आला. त्या सगळ्या घोळक्यात त्या एकट्या चेहऱ्याला ओठ होते. जवळ आल्यावर भुवईही दिसली. एकच. दुसरी रंगवायची राहिली होती.

"कौशल्या," बापूराव म्हणाले.

"माफ करा हं ताई. यांना नीट दिसत नाही," कौशल्याबाई त्या दुसऱ्या पोपटी साडीतल्या बाईला म्हणाल्या. हे वाक्य आजवर घरात कुणी उच्चारू शकलं नव्हतं. बापूरावांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

थांब्यासमोरच दीपाली नावाच्या मुलीचं छोटंसं पार्लर होतं. नवऱ्याचा आवाज ऐकून कौशल्याबाई तिथून अर्ध्यातच उठून आल्या होत्या. दीपालीनं बापूरावांना स्टूल दिलं, पाणी दिलं.

"आता तुम्हीच समजवा काका. या वयात फिकट रंग शोभतात. गडद लिपस्टिक ओठांच्या रेघांत उतरते, पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते. पण काकू ऐकतच नाहीत. अजून गडद, अजून गडद."

"फिकट रंग यांना दिसत नाही," कौशल्याबाई म्हणाल्या.

मग नवऱ्याकडे वळून हळू आवाजात सांगू लागल्या. "त्या दिवशी मंडईत तुम्ही दुसऱ्याच बाईच्या पिशवीत कोथिंबीर टाकलीत. मला आधी हसूच आलं. ती बाई ओरडल्यावर तुम्ही मागे फिरलात. मी समोरच उभी होते. माझ्या तोंडाकडे बघून तुम्ही म्हणालात, 'बाई, जरा वाट सोडा.'"

बापूरावांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"ऑपरेशनचं नाव काढलं की तुम्ही डॉक्टरला चोर ठरवता. मी काय करणार? शिकले रंगवायला."

आतला पंखा करकरत होता. बापूरावांनी पेला खाली ठेवला. बायकोनं आपल्याला सोडू नये म्हणून आपण तिच्यावर पाळत ठेवत होतो, आणि ती रोज सकाळी चहाच्या आधी आरशापुढे उभी राहत होती, हे त्यांना सहन होईना. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. त्यानं काही फरक पडणार नव्हता.

"त्या डॉक्टरला उद्या फोन कर," शेवटी ते म्हणाले. मग दीपालीच्या दिशेला वळले. "आणि तुम्ही हिची ती दुसरी भुवई पुरी करा. चांगली काळी करा. ऑपरेशन होईपर्यंत मला लागणार आहे ती."