उलटी फिरणारी मोटार

आमचा यंत्रमानव म्हणजे डालड्याचा डबा, त्याला दोन चाकं आणि पुढे टेकायला एक छोटं चाक. सौंसरच्या विज्ञान प्रदर्शनीत त्याला खडूच्या रेषेवरून सरळ चालवून दाखवायचं होतं. अकरावीला विज्ञान घेतलेली मी एकटीच मुलगी. तो चालला नाही तर वर्गातली पोरं वर्षभर मला हसणार, हे ठरलेलंच होतं.

मोटारींनी तर जीव खाल्ला. खेळण्यातल्या मोटारी सुसाट पळायच्या आणि सेल पिऊन टाकायच्या. पंख्याच्या मोटारीला घरची लाइन लागणार, आणि आमच्याकडच्या लाइनचा काय भरवसा? शेवटी टेपरेकॉर्डरच्या निवडल्या. शांत, एका चालीच्या. भंगारात दोन अगदी जुळ्या मिळाल्या तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. डब्याच्या दोन्ही बाजूंना बसवल्या, तर हा घाण्याच्या बैलासारखा जागच्या जागी गरगर! एकीचं तोंड डावीकडे, दुसरीचं उजवीकडे. मग एक चाक पुढे जाणार, दुसरं मागे. एकीच्या तारा उलट जोडून पाहिल्या, तर ती हलेचना.

टेपची मोटार एकाच दिशेने फिरते, हे मला सांगितलं नदीपलीकडच्या सावरगावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी. जाड भिंगाचा चष्मा नाकावर ओढून ते म्हणाले, "पोरी, तुले एक उलटी फिरणारी पाहिजे. आहे माह्याजवळ, शोधून ठेवतो. गोटमार होऊन जाऊ दे, मंग ये."

गोटमारीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमचं पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभी राहून एकमेकांना दगड मारतात, नदीत मधोमध रोवलेल्या पळसावरच्या झेंड्यासाठी. मला त्यात तोवर काहीच वावगं वाटलं नव्हतं. त्या वर्षी गोटमार झाली, त्या संध्याकाळी बाबा खुशीत जेवायला बसले.

"आज माहा नेम पाहाले पाहिजे होता. एक चष्मेवाला झेंड्याजवळ येऊन राह्यला होता. असा हाणला, त्याचा चष्माच उडाला!"

आम्ही सगळे हसलो. मीही.

काही दिवसांनी पूल ओलांडून गेले. काका दुकानात बसले होते. डाव्या डोळ्यावर जाड पट्टी, नाकावर चष्मा नाही.

"डोळा गेला," रेडिओचा वाल्व्ह गेला म्हणावं तसं ते म्हणाले. "नागपूरच्या डॉक्टरनं हात टेकले."

"कोणी मारला दगड?" मी कसंबसं विचारलं.

"गोटमारीतला दगड कोणाचा नसते, बाई." त्यांनी मोटार माझ्या हातात ठेवली. "तूच फिरवून पाह्य. मले आता बारीक दिसून नाही राह्यलं."

घरी येऊन ती बसवली. स्क्रू हातातून सारखा निसटत होता. अंगणात बाबा बाजेवर पाय सोडून बसले होते. मी बटण दाबलं आणि यंत्रमानव पहिल्यांदाच सरळ निघाला, थेट त्यांच्याकडे. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

"वा वं! मोटार कोणं देल्ली? संत्री निघाली का त्या माणसाले पेटीभर नेऊन देऊ."

"सावरगावच्या रेडिओवाल्या काकांनी," मी म्हटलं. "गोटमारीत त्यांचा चष्मा उडाला, बाबा. डोळाही गेला."

टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. यंत्रमानव त्यांच्या पायाला ढुशा देत राहिला. त्यांनी पाय मागे घेतला नाही, आणि मीही बटण बंद केलं नाही.