हात टाकला

धपाटे हे त्यांचं आडनाव नव्हतं, पण आमच्या भागात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नसे. माणूस भेटला की मागून येऊन पाठीत एक सणसणीत धपाटा, हाच त्यांचा नमस्कार. हातात चहा असेल तर निम्मा सांडायचा. सरपंचांना बसला, हेडमास्तरांना बसला, आमच्या एका नव्या जावयाला तर मांडवातच बसला. माझ्या पाठीला तो हात डोळे मिटूनही ओळखता आला असता. अजूनही येईल.

धपाटेदादा आमचे पाटकरी. म्हणजे धरणाच्या कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते बघणारा माणूस. खाकी शर्ट घालून, सायकलच्या कॅरिअरला पाना बांधून पाटाच्या कडेकडेने फिरायचे. एरवी हसरा माणूस, पण पाण्याच्या बाबतीत असा चिक्कू की बोलायची सोय नाही. कुणाचा वाफा भरून पाणी बाहेर वाहताना दिसलं की सायकल टाकून धावायचे, स्वतः चिखलात हात घालून तोंड बुजवायचे आणि मग शेतकऱ्याला ऐकवायचे, "मानूस चिडून गेला तर परत येतो रे. पानी गेला का गेला."

पाण्याची पाळी म्हटली की भांडणं आलीच. एकदा दोन शेजारी फावडी उगारून एकमेकांवर धावले. आम्ही बघे लांब सरकलो. दादा मात्र सरळ मधे शिरले आणि दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा हाणला. "अंगाला अंग लावायचाच आसंल तर कबड्डी खेळा. फावडी कशाला?" दोघांनाही हसू फुटलं आणि भांडण तिथेच विरघळलं. नंतर सायकल हातात धरून चालताना मला म्हणाले, "बाप्याची जात लय येडी. मारतील, पन जवळ नाय घेनार."

स्वतः मात्र त्यांनी रागाने कधी कुणाला बोट लावलं नाही. लोक त्यांना आयमायवरून शिव्या द्यायचे, तरी नाही. "आमाला शिव्या खायची परवानगी हाय," म्हणायचे. "पाटकऱ्यानी हात टाकला का त्याचा पाट गेला."

मी बावीस वर्षांचा असताना माझा थोरला भाऊ मोटरसायकलवरून येताना महामार्गावर अपघातात गेला. त्याला घरी आणल्यापासून तेराव्यापर्यंत जो येईल तो मला एकच सांगत होता, "आता तूच घरातला बाप्या. रडायचा नाय." मी रडलो नाही. लोकांना त्याचं कौतुक वाटलं. काका चारचौघांत म्हणाले, वाघ आहे पोरगा. या वाघाला चार-चार दिवस घास गिळवत नव्हता, ते कुणी विचारलं नाही.

पंधराव्या दिवशी आमची पाण्याची पाळी आली. भर दुपारी मी भेंडीत दारं धरत होतो. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, असं ते काम. आम्ही दोघं भाऊ मिळून करायचो. मागे सायकल थांबल्याचा आवाज आला आणि मी सवयीने पाठ ताठ केली. हात पडला, पण हळू पडला, आणि उचललाच नाही. दादांनी मला वळवलं आणि छातीशी धरलं.

मी फुटलो. फावडं हातातून गळलं. त्यांच्या शर्टाला तंबाखूचा आणि सायकलच्या तेलाचा वास येत होता, आणि त्या शर्टात तोंड खुपसून मी ढसाढसा रडलो. इकडे वाफा भरला, वाहू लागला, बांध फुटून पाणी पुढच्या वाफ्यात गेलं, तोही भरला, आणि मग पाणी ओढ्याच्या वाटेला लागलं. आमच्या चारही पायांना ते लागत होतं. मी म्हणालो, "दादा, पानी..."

"जाऊ दे," ते म्हणाले.

तेवढ्यात बांधावरून माझा चुलतभाऊ दिनेश आणि त्याचे दोन मित्र आले. आम्ही झटकन वेगळे झालो. माझे डोळे लाल, नाक वाहतंय, शर्ट चुरगळलेला. "काय रे, काय चाललाय दोघांचा?" दिनेशने विचारलं, आणि त्याच्या मागचा एक जण हसला. त्या हसण्याचा अर्थ मला लगेच कळला. उद्या हेच हसू चहाच्या टपरीवर असेल, परवा स्टँडवर. मी म्हणालो, "यांनी हात टाकला."

बघा, मी खोटं बोललो नव्हतो. खांद्यावर हात टाकतो तो दोस्त, अंगावर हात टाकतो तो वैरी. मी फक्त एक शब्द गाळला. ऐकणाऱ्यांनी आपल्या सोयीचा घातला. पुरुषाने पुरुषाला मारलं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझ्या रडण्याला कारण मिळालं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दिनेशने दादांची कॉलर धरली. "ज्याचा भाऊ गेला त्याच्यावर हात टाकतोस?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगून टाकतील. मनातून तेच हवं होतं, आणि त्याचीच भीतीही वाटत होती. दादा म्हणाले, "टाकला. पानी वाया घालवत व्हता, राग आला."

संध्याकाळी पाटबंधारे खात्याकडे त्यांच्या तक्रारीचा अर्ज तयार झाला. पहिली सही माझी. महिन्याभरात त्यांची बदली मुरबाडकडच्या एका लहान धरणावर झाली. तिथे पाट नव्हता, नुसती राखण. ते बायकोपोराला घेऊन निघाले त्या दिवशी मला ताप आला होता. म्हणजे मी तसं घरी सांगितलं होतं.

सात-आठ वर्षांनी ते मला धसईच्या बाजारात भेटले. केस पिकलेले, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. "भेंडी कशी हाय औंदा?" त्यांनी विचारलं. मी कसंबसं सुरू केलं, "दादा, त्या दिवशी मी..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "तू दुसरा काय सांगनार व्हतास? त्यांनी तुला जगू दिला नसता. मार खाल्लेला चालतो रे आपल्यात." मग मी एक वेडेपणा केला. त्यांच्याकडे पाठ करून कांदे निवडत उभा राहिलो. एकेक कांदा उचलत होतो, ठेवत होतो. धपाटा काही आला नाही. वळून बघितलं तर ते तसेच उभे होते, हात मागे, बोटं बोटांत गुंतवलेली.

गेल्या वर्षी ते गेल्याचं कळलं. किन्हवलीवरून एसटीने मुरबाड, तिथून पुढे त्यांच्या घरी पोचलो तर सगळं आटोपलं होतं. अंगणात त्यांचा मुलगा महेश बसला होता. पंचवीस-सव्वीसचा असेल. आलेल्यांपैकी कुणी तरी म्हणालं, देवमाणूस होता. महेश म्हणाला, "हो. आमच्या अंगाला कधी हात नाय लावला त्यांनी." लोकांनी माना डोलावल्या. असा बाप मिळायला नशीब लागतं.

लोक उठून गेल्यावर तो माझ्याशी बोलला. "नाय लावला म्हंजे खराच नाय लावला. मारायला नाय, जवळ घ्यायला पन नाय. मी बारावी पास झालो तर लांबूनच हसले. आई सांगायची, पाटावर कोना पोराला त्यांनी मारला व्हता, तवापासून सोताच्या हाताला भ्यायचे."

इतकी वर्षं मी समजत होतो की मी त्या माणसाचा पाट घेतला. ते तर काहीच नव्हतं. मी म्हणालो, "तो पोरगा मी." आणि मग सगळं सांगितलं, काही न गाळता. मारलं नव्हतं, धरलं होतं. मी रडत होतो म्हणून धरलं होतं.

महेश चिडेल, मला हाकलून देईल, अशी माझी तयारी होती. तो बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत बसला.

"किती वेळ धरला व्हता?" त्याने विचारलं.

"दोन वाफे भरून वाहून गेले, तोवर."

त्याने मान वर केली. पाटकऱ्याचा मुलगा तो. माझं बाकीचं सगळं त्याने मुकाट ऐकून घेतलं होतं, यावर मात्र त्याचा विश्वास बसेना.

"पानी जाऊ दिला बाबांनी?"

"जाऊ दिलं," मी म्हणालो.