झुंबरबाईचा पांढरा मणी

कोल्हापूरच्या सराफबाजारात, म्हणजे गुजरीत, गणपतराव सराफांच्या दुकानाच्या पायरीला लागून झुंबरबाई बसते. सोनारानं घडवलेला दागिना रेशमात ओवायचा, गाठी मारायच्या, मागं लाल गोंडा लावायचा, हे तिचं काम. गुजरीत त्याला नुसतं गाठणं म्हणतात. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, मान खाली घालायची आणि तोंड मात्र चालू ठेवायचं, ही तिची रीत. लग्नाला गेली तरी शेजारणीच्या गळ्याला हात घालून "ही गाठ कुणी मारली गं?" म्हणून विचारणारी बाई. साज, डोरलं, पोत. जन्मभर तिच्या हातातून गेलं ते सोनं आणि काळे मणी. तिसरा रंग गोंड्याचा.

गेल्या वर्षापासून मात्र तिचं आणि उजेडाचं बिनसलं होतं. तिनं गणपतरावांकडून बल्ब बदलून घेतला, मग त्याहून मोठा लावून घेतला आणि तरीही दुकानात अंधार आहे म्हणून त्यांनाच सुनावलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! खरं काय ते तिला ठाऊक होतं. तिची आई बायडाबाई याच वयात आंधळी झाली होती. तिला हाताला धरून परसात नेणारी झुंबरबाईच. आता आपली पाळी, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं आणि कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. आंधळ्या बाईच्या हातात सोन्याचे मणी कोण देईल? बोटांना सवय होती म्हणून निभत होतं.

अशात एक दिवस रिबेका आली. राजारामपुरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती नर्स आहे. मूळची पार अरुणाचलातली, तिकडच्या डोंगरात राहणाऱ्या वांचो लोकांतली. कोल्हापुरात राहून 'हाय की' म्हणायला शिकलेली. तिच्या रुमालात एक माळ होती, कसली तर बारीक काचमण्यांची, पदरावर पदर, लाल, पिवळे, निळे, हिरवे, पांढरे मणी नक्षीत बसवलेले. आजीनं स्वतःच्या हातानं केलेली. बसमधून उतरताना कुणाच्या तरी पिशवीत अडकली आणि निम्मे पदर तुटले. प्रवाशांनी सीटखाली वाकून वाकून मणी वेचून दिले होते. ओरिया या वांचोंच्या सणाला गावी जायचं, तेव्हा गळ्यात हीच घालायची होती, कारण आजी आता राहिली नव्हती. पण काचेला हात लावायला गुजरीत कुणी तयार होईना.

झुंबरबाईनं आधी तिला 'तुटली' म्हणू नये, 'वाढली' म्हणावं, हे शिकवलं. मग नाव विचारलं, आणि रिबेका हे तिच्या जिभेवर काही बसेना म्हणून त्याच बैठकीत तिची रेबक्का करून टाकली. शाबूत पदर समोर ठेवून तसेच नवे ओवायचे, त्यात काय अवघड, असं म्हणून तिनं रुमाल मांडीवर घेतला.

आठवड्यानं रिबेका आली. झुंबरबाईनं माळ ऐटीत पुढं केली. गाठी अशा की वर्षानुवर्षं हलायच्या नाहीत. पोरीनं माळ उलटीसुलटी पाहिली. झुंबरबाईला राग आला. इतकं निगुतीनं केलं आणि हिच्या तोंडातून एक शब्द नाही. ती काही बोलणार, तोच रिबेकानं उरलेल्या मण्यांतले दोन तिच्या तळहातावर ठेवले.

"मावशी, यातला पांढरा कुठला?"

झुंबरबाईनं हात डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, बल्बखाली धरला. दोन्ही सारखेच दिसत होते, जुन्या कागदासारखे.

"दोन्ही पांढरंच हायत की."

"एक पिवळा हाय, मावशी."

गुजरीत इतकी वर्षं चालू असलेलं तोंड त्या दिवशी बंद झालं. पांढऱ्याच्या जागी पिवळे, निळ्याच्या जागी हिरवे, सगळी नक्षी तिनं बिघडवून ठेवली होती. सोन्याकाळ्यात जे कधी उघडं पडलं नव्हतं, ते या परमुलखातल्या माळेनं उघडं पाडलं. शेवटी ती हळूच म्हणाली, "माझी आई अशीच आंधळी झाली, पोरी. गणपतरावांना सांगू नगंस."

रिबेकानं माळ रुमालात बांधली आणि झुंबरबाईला तसंच रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्रातून पाहिलं. झुंबरबाई खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. न राहवून तिनं विचारलं, नजर पूर्ण जायला किती दिवस लागतील? डॉक्टरांना आधी कळेचना. मग ते म्हणाले की जायचं काही नाही, मोतीबिंदू आहे, त्यानं रंग पिवळट दिसतात. आतली नस चांगली आहे, ऑपरेशन केलं की दिसेल. झुंबरबाईचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच वाईटही वाटलं. आईला काय झालं होतं, ते आता कळायला मार्ग नव्हता. तिला दवाखान्यात न्यायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ती तिथंच बसून रडली, आईसाठी आणि थोडं सुटल्यासारखं वाटलं म्हणूनही.

आधी एक डोळा झाला, मग दुसरा. बारीक काम बंद ठेवायला सांगितलं होतं, तेवढे दिवस तिनं घरातल्यांचा जीव खाल्ला. परवानगी मिळाल्याबरोबर ती पायरीशी येऊन बसली. सणाला अजून अवकाश होता, म्हणून तिनं रिबेकाकडून माळ परत मागून घेतली. आपल्याच हातच्या गाठी तिनं स्वतः कापल्या, सगळे चुकलेले पदर सोडले आणि पहिल्यापासून ओवायला घेतलं. निळा निराळा, हिरवा निराळा. रंगारंगाचे ढीग करताना ती येणाऱ्या जाणाऱ्याला हाक मारून दाखवत होती.

रिबेका न्यायला आली तेव्हा झुंबरबाईनं स्वतः तिच्या गळ्यात माळ घातली. पोरीनं आरशात पाहिलं, पदरांवरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. ही आजीचीच आहे, एवढंच ती म्हणाली.

झुंबरबाईनं उरलेला एक पांढरा मणी बोटावर धरला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं दुकानात मान वळवली.

"गणपतराव, त्यो बल्ब जरा बारका लावा. डोळ्यावर येतुया."