नानांच्या थर्मासातला चहा

डोळा लागतोय असं वाटतं आणि लागत नाही. दुपारचे दोन वाजलेत. वारा सुटलाय म्हणून काम बंद, आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये दोन रजया आणि वर गुलाबनानांचं घोंगडं घेऊन पडलोय. लडाखातल्या या खिंडीखालच्या कॅम्पात थंडी अशी, की शेडच्या आत खिळ्यांच्या डोक्यांवरसुद्धा बर्फ धरतो. मधोमध बुखारी पेटलीय, म्हणजे लाकडं घालायची लोखंडी शेगडी. तिच्याकडची बाजू भाजते आणि पाठ गारठते.

उशीखाली एक कागद आहे. चार वाजता कॅम्पाचे शेडगे साहेब तो न्यायला येणार. कागद म्हणतो, की गुलाब सिदू देवकाते, वय चौपन्न, यांनी खिंडीत बर्फ काढताना झोपेसाठी स्वतःच्या हाताने पोकलेन बंद केलं, हीटर गेला, आणि त्यामुळे ते गारठून मेले. चूक त्यांची, दुसऱ्या कुणाची नाही. खाली माझी सही पाहिजे.

आणि खरं सांगू? मी करणार आहे सही. राग आहे मला त्या माणसाचा.

का नसावा? आटपाडीच्या माळावरून मला उचलून या नरकात आणलं कुणी? नानांनी. पहिल्या हिवाळ्यात जेवायला जाताना मी मशीन बंद केलं, तर सगळ्या कॅम्पासमोर श्रीमुखात भडकावली कुणी? नानांनी. "खिंडीत चावीला हात लावायचा न्हाय. मशीन जित्तं तर तू जित्ता." आठ हिवाळे ही एकच पोपटपंची. आणि सापडले तेव्हा? चावी बंद. मीच बघितली, माझ्या या डोळ्यांनी. मला थोबाडीत मारून शिकवलं आणि स्वतः मात्र चावी फिरवून मेले. याला काय म्हणायचं? घात म्हणायचा. दुसरा शब्द नाही.

उशाशी त्यांचा थर्मास आहे. बाकीच्या सामानाबरोबर तोही मीच गावी पोचवायचाय. हलवला की आत गळगळ वाजतं. म्हणजे थंडीनं मरताना या बाबानं चहासुद्धा प्याला नाही! उघडून ओतून द्यावा, तर हात धजत नाही. वास डिझेलचा येतो, पण इथं कशाला येत नाही? भाकरीलाही येतो.

बुखारीत लाकूड तडकतं. दाराबाहेर कुणीतरी बुटांवरचा बर्फ झाडतंय. तीनदा आपटतंय, धप, धप, धप. मोजून तीनदा आपटणारा एकच माणूस होता.

"धोंड्या, ऊठ की. मुळं फुटली का अंथरुणाला?"

नाना माझ्या पायथ्याशी बसलेत. कानाला तोच विटका मफलर. मिशीत बर्फाचे खडे आहेत आणि शेगडी हातभरावर असूनही ते वितळत नाहीत. मला भीती वाटत नाही. आधी राग येतो.

"कशाला आलाय?"

"बॅटरी बघाया. आत घेतली का?"

"घेतली. तुमच्याच घोंगड्यात ठेवायचो. आज वारा हाय म्हणून घोंगडं मी घेतलं."

"आणि बॅटरी उघडी?" नाना कळवळतात. "आरं, तू गारठलास तर दोन शेकोट्यात नीट हुशील. ती गारठली तर सकाळी मशीन कोण उठवणार? तुझा सासरा?"

जिवंतपणीही असंच चालायचं. संध्याकाळी बॅटरी काढायची, लेकरासारखी आत आणायची, आपलं घोंगडं तिच्यावर घालायचं आणि आपण पातळ रजईत कुडकुडायचं. मी हसायचो. आता हसू येत नाही. मी तरातरा उठतो आणि पाय खाली टाकतो.

खाली ढेकळं आहेत. तापलेली. मे महिना आहे, आटपाडीचा माळ आहे, आणि शेततळ्याच्या खड्ड्यात आमचं पिवळं पोकलेन माती उपसतंय. नाना बनियनवर आहेत, पाठीवरून घाम निथळतोय. बांधावरच्या बाभळींवर बर्फ साचलाय आणि शेळ्या तो मजेत खातायत. कुणालाच त्याचं नवल नाही.

हौसाकाकू पाटी घेऊन येते. नानांची बायको. मला हातानं भरवलंय तिनं, आई गेल्यावर. ती पाटी उतरवते आणि नानांकडे न बघता माझ्यासमोर बसते.

"धोंडीराम, साहेबांचा फोन आल्ता. ह्यांनी आपल्या हातानं मशीन बंद केलं म्हंत्यात. खरं का रं?"

हेच तिनं खरोखरच्या फोनवरही विचारलं होतं. तेव्हा मी म्हणालो होतो, रेंज नाय काकू, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता.

"अख्ख्या गावाला मशीन शिकवलं ह्यांनी," ती म्हणते. "पोरं म्हणाया लागल्यात, म्हाताऱ्यालाच येत नव्हतं. तू म्हण बाबा काय ते. तुझ्या तोंडून ऐकलं की मी गप बसंन."

ती भाकरीचं फडकं सोडते. आत भाकरी नाही. मशीनची चावी आहे, बर्फानं माखलेली. मी ती उचलतो आणि बोटांची कातडी तिला चिकटते.

"काढ काढ, सोलून निघंल!" नाना ओरडतात. "हातमोजं कुठायत?"

आम्ही केबिनमध्ये आहोत. नाना सीटवर, मी कडेच्या फटीत अंग चोरून. बाहेर सगळं पांढरं. काचेवर आतूनच बर्फ चढलाय, आमच्या श्वासाचा. त्या दिवशी मी इथं नव्हतोच. मी नऊ किलोमीटर खाली कॅम्पात होतो, बुखारीपाशी.

"आता बोला," मी म्हणतो. "चावी का बंद केली? मला हाणलं त्यापायी तुमी!"

"गप. ऐक."

मी ऐकतो. इंजिन अडखळतंय. घरघर, मग दम लागल्यासारखं थांबतं, पुन्हा घरघर. नाना लिव्हर सोडून कान लावून बसलेत.

"काय म्हणतंय?"

"डिझेल पोचत न्हाय," मी म्हणतो. हे मला त्यांनीच शिकवलंय.

"कशापायी?"

त्या दिवशी सकाळी कॅम्पात नवं पिंप फोडलं होतं. वर हिवाळी डिझेल असं लिहिलेलं. हिवाळी डिझेल कसल्याही थंडीत पाण्यासारखं राहतं. साधं डिझेल गोठतं, फिल्टर तुंबतो आणि इंजिन उपाशी मरतं. नानांनी त्या सकाळी पिंपात बोट बुडवून चोळलं होतं आणि साहेबांकडं बघितलं होतं. साहेब म्हणाले होते, "नाना, माझ्यावर विश्वास नाही का? आपण एका मुलखातली माणसं."

घरघर थांबते. केबिनमध्ये इतकी शांतता होते, की मला माझे दात वाजताना ऐकू येतात.

"मी बंद केलं का?" नाना विचारतात.

"न्हाय. आपलं आपण पडलं."

"आणि पडलेल्या मशीनची चावी चालू ठेवली तर?"

"बॅटरी उतरती."

"मग?" आणि नाना शांतपणे हात पुढे करून चावी फिरवतात. बंद.

अरे देवा. एवढं साधं. शेंबडं पोरही सांगेल. बंद पडलेल्या मशीनवर आठ वर्षं मी हेच करत आलोय आणि नानांनी केलं तर घात दिसला मला.

नाना सीटवरून घोंगडं ओढतात. मला वाटतं आता पांघरतील. ते दार ढकलून बाहेर जातात, वाऱ्यात वाकून बॅटरीचा पत्रा उघडतात आणि घोंगडं तिच्याभोवती गुंडाळतात. चार वेढे. आम्ही त्यांना आणायला गेलो तेव्हा ते तसंच होतं. साहेब म्हणाले होते, थंडीनं माणसाचं डोकं फिरतं. मी मान डोलावली होती.

"नाना, आणि तुमच्या अंगावर?"

"मला काय स्टार्टर मारायचा हुता?" ते परत येऊन हात काखेत घालतात. "तुमी फिल्टर घिऊन येणार. फिल्टर बदलला की एका फटक्यात उठलं पायजे. बॅटरी गार पडली असती तर तुमी येऊन काय उपेग?"

"आमी येणार असं कोण म्हणालं?"

"वायरलेसवर साहेब. गाडी निघाली म्हणाले. आणि तू असणारच गाडीत, हे मला ठावं हाय." ते माझ्याकडे बघतात. त्यांच्या पापण्यांवर बर्फ आहे. "आला न्हाईस ते."

"मलाबी तेच सांगितलं! गाडी गेलीय, तू बस, चहा घे, म्हणाले. मी बसलो नाना. मी चहा प्यालो!"

"दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बघितलीस का?"

आम्ही कॅम्पाच्या अंगणात उभे आहोत. जीप ताडपत्रीखाली आहे. ताडपत्रीवर वीतभर बर्फ, एक सुरकुती नाही, चाकापुढे एक रेघ नाही. आटपाडीच्या शेळ्या तिच्याभोवती फिरतायत.

बघितली होती. त्या सकाळी तीच जीप झाडून आम्ही वर गेलो. झाडू माझ्याच हातात होता. बर्फ कितीचा आहे हे हाताला कळत होतं आणि मी मनाला कळू दिलं नाही. नव्या पिंपांपैकी उरलेली चार दुसऱ्या दिवशी कॅम्पातून गायब झाली, तेही मी विचारलं नाही. नानांवर राग धरणं सोपं होतं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही.

"फसवलं नाना आपल्याला. आपल्याच माणसानं."

"मला त्यानं फसवलं," नाना म्हणतात. "तुझं तू बघ."

हे त्यांनी ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पुन्हा एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं. ते मफलर नीट करतात आणि थर्मास काढून झाकणात ओततात.

"घे. चहा घे. गार पडलाय."

"तुमी का न्हाय प्यालात?"

"मी कवाच संपवला. हे तुझ्यासाठी भरून ठेवलंय. हौसाला दाखीव." ते बूट आपटतात, धप, धप, धप. "आणि बॅटरीवर काहीतरी घाल, गाढवा."

मी झाकण तोंडाला लावतो आणि वासानं जागा होतो.

शेड. बुखारी. साडेतीन. मी अंथरुणात उठून बसलोय आणि थर्मासचं झाकण खरोखरच माझ्या हातात आहे, काठोकाठ भरलेलं. झोपेत मीच उघडलं असणार. चहा नाही तो. डिझेल आहे. शेडच्या उबेत पातळ झालेलं, पिवळट. घोंगड्यावर सांडलंय, बोटांवर आलंय. म्हणजे मशीन पडल्यावर या माणसानं चहा संपवला, तुंबलेला फिल्टर खोलला आणि आतलं डिझेल थर्मासात भरून बूच घट्ट लावलं. त्यांना कळलं होतं कुणी येणार नाही. आणि तरीही घोंगडं बॅटरीवरच ठेवलं. मी मोठ्यानं रडतो. लाज वाटत नाही.

मग घोंगडं बॅटरीवर घालतो, हातमोजे चढवतो आणि झाकण घेऊन बाहेर जातो. उणे बावीस. झाकण पोकलेनच्या पट्ट्यावर ठेवतो आणि शेजारी उभा राहतो. आधी ते गढूळ होतं. मग कडेनं पांढरं धरतं. अर्ध्या तासात थिजवलेल्या तुपासारखं होतं.

जीप येते. शेडगे साहेब काच खाली करतात, हात बाहेर काढतात. "धोंडीराम, झाली का सही?"

मी कागद देत नाही. त्यांच्या पसरलेल्या हातावर झाकण ठेवतो.

"घ्या साहेब. नानांनी चहा पाठवलाय."

ते बघतात. वास घेतात. मग झाकण खिडकीबाहेर उलटं करतात, सांडून टाकायला. झटकतात. पुन्हा झटकतात. आतलं काही पडत नाही.