सहावी चित्राहुती

श्रीनिवासरावांनी कॉलेजच्या रसायनशाळेत एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, द्रावणं तयार केली आणि पोरांच्या चुका पकडल्या. नाकावर माशी बसू देणारा माणूसच नव्हे. पण बायको विशालाक्षी गेली आणि तंजावूरच्या दक्षिण वीथीतलं त्यांचं घर असं गप्प झालं, की चेन्नईच्या लेकीनं, अखिलानं, शेवटी वैतागून एक काचेची टाकी पाठवली. "अप्पा, माझ्याकडे यायचं नाही ना? मग घरात काहीतरी जिवंत तरी ठेवा!"

टाकी खाऱ्या पाण्याची. जुन्या बसस्टँडजवळच्या, शोभेचे मासे विकणाऱ्या नटराजनं बजावलं, "सार, मीठ मिसळलं म्हणजे समुद्र होत नाही. घाण पचवणारे जंतू आधी वाढू देत. मासा मग." दुसरा कुणी कंटाळला असता. श्रीनिवासराव खूश! पाच आठवडे ते रिकाम्या टाकीसमोर बसून नळीत पाणी घेत, औषधाचे थेंब टाकत, रंग वहीत लिहीत. हिरवा म्हणजे अमोनिया, विष. पिवळा म्हणजे पाणी चांगलं. आठवडाभर पिवळा टिकला, तेव्हा कुठे पांढऱ्या पट्ट्यांचा एक केशरी मासा घरी आला.

दहाव्या दिवशी नळी हिरवी झाली. अकराव्या दिवशी आणखी हिरवी, आणि मासा वर येऊन धापा टाकायला लागला.

अय्यो, काय तो संताप! आधी मिठाला शिव्या, मग गाळणीला, मग कॅनचं पाणी आणून देणाऱ्या बिचाऱ्या माणसाला. चोर सोडून संन्याशाला सुळी. खरं तर म्हातारा घाबरला होता. हा पण गेला तर जेवायला समोर कोण?

नटराज स्कूटरवरून आला, नळी बघितली आणि एकच विचारलं, "खायला कधी देता?"

"मी खातो तेव्हा."

आता हे नीट सांगायला हवं. श्रीनिवासराव पानावर बसले की उजवीकडे भाताच्या पाच चित्राहुती घालायचे, भोवती पाणी फिरवायचे आणि मगच पहिला घास घ्यायचे. बापाआज्यापासूनची रीत. मासा आल्यापासून त्यांनी पान टाकीसमोर मांडलं आणि डब्यातल्या माशाच्या खाद्याची सहावी चिमूट टाकीत टाकायला लागले. एवढ्यावर थांबते तर ठीक होतं. पण सकाळची कॉफी, इडली, दुपारचं जेवण, चारची कॉफी, रात्रीचा रसमभात, मासा प्रत्येक वेळी काचेशी हजर! त्याच्या तोंडासमोर एकट्यानं कसं खायचं?

"पाच वेळा?" नटराजनं कपाळावर हात मारला. "सार, त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं! उरलेलं खाली कुजतंय. दोन दिवस काही देऊ नका, रोज पाव टाकी पाणी बदला. पुढेही दिवसातून एकदाच."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडणारा माणूस, आणि विष स्वतःच्याच हातचं! ते खाली बसून पाणी बदलायला लागले.

दुपारी पान मांडलं, तर मासा काचेशी येऊन तोंड उघडमीट करायला लागला. शेवटी पान उचलून ते स्वयंपाकघरात गेले आणि दाराआड, भिंतीकडे तोंड करून बसले. समोर चुना उडालेली भिंत, बाजूला ग्राइंडर, थेंब थेंब गळणारा नळ. नळ गळतो हे त्यांना माहीतच नव्हतं. ही जागा विशालाक्षीची. नवऱ्याचं जेवण झालं, हात धुवून झाले, की ती इथे बसायची. अडतीस वर्षं.

तिसऱ्या दिवशी नळी पिवळी झाली. मासा तळाशी दगडांतून हुंदडत होता. श्रीनिवासरावांनी एकच चिमूट टाकली, डबा घट्ट बंद केला आणि आपलं पान घेऊन परत आतच गेले.

संध्याकाळी अखिलाचा फोन आला. "अप्पा, मासा?"

"वाचला."

"देवा! मग आवाज असा का?"

"अखिला, अम्मा आत एकटी जेवायची, तेव्हा काय करत असायची गं?"

अखिला हळूच म्हणाली, "बाहेर कान लावून बसायची अप्पा. जेवून उठल्यावर तरी तुम्ही तिला हाक मारता का, म्हणून."