सारांशावरून केलेलं कार्ड
युरियाचा उग्र वास आला की दूध संघाच्या वाचनालयातला कार्डांचा लाकडी खण आठवतो. मी तिथे ग्रंथपाल असताना एका दुष्काळात सभासद चाऱ्याचं विचारायला यायचे, आणि मी शोधनिबंधांची कार्डं चाळून उपाय सांगायचो. कार्डं मीच केलेली, नुसता वरचा सारांश वाचून. आतली पानं कोण वाचत बसणार? चौसाळ्याकडच्या एका बाईंना मी असंच कार्ड बघून सांगितलं, कडब्यावर युरियाचं पाणी शिंपडा, झाकून मुरवा, मग जनावरांना घाला. महिन्याभराने त्या परत आल्या. "सायेब, गाय चांगली खाती, पर वासरू गेलं." मी त्यांच्यासमोरच निबंध उघडला. पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहिलं होतं, सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नये. "कागद कसा चुकंल? माजंच कायतरी चुकलं आसंल," त्या म्हणाल्या. मी निबंध मिटला आणि म्हणालो, "असेल." पुढे मी प्रत्येक निबंधाच्या प्रत्येक भागाचं वेगळं कार्ड केलं, हवं ते नेमकं सापडू लागलं, संघाने माझा सत्कारही केला. हे तुम्हाला सुचलं कसं, असं आजही कोणी विचारलं की मी "अनुभवाने" म्हणतो आणि विषय बदलतो.