आचमनाचं पाणी

माझ्या जिभेच्या कडेला जांभळसर फुगवटा होता. लहानपणापासूनच असेल, पण गेल्या वर्षी तो वाढू लागला, खाली वाकलं की टरारून येई. काशीत ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वेद शिकवतात. एक स्वर चुकला तरी पाठ पुन्हा पहिल्यापासून, अशी शिस्त. जिभेलाच काही झालं तर माझ्याकडे राहिलं काय? डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, कापायला गेलो तर रक्त आवरणार नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुईनं आत औषध सोडू, म्हणजे हळूहळू आकसेल. मी मान डोलावली. विश्वनाथाला रोज विनवायचो, बाबा रे, दुसरं काहीही ने, वाचा तेवढी ठेव.

सुई घ्यायच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असं बजावलं होतं. चहा मी टाळला. पण संध्येला बसलो आणि सवयीनं आचमन केलं. तळहातावरचं पाणी पोटात गेलं, हे ध्यानातही आलं नाही! इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा कुठे बायकोला आठवलं. दुपारपर्यंत थांबा, म्हणाले. ही वैतागली, "अहो, एक दिवस आचमन टाळता आलं नाही?" खरं सांगतो, मला वाटलं देवानंच नकार दिला. उठून घरी पळावं असं झालं.

तेवढ्यात शेजारच्या बाकावरची एक बाई आपल्या नवऱ्यावर कडाडली, "अरे, चश्मा माथे पर चढ़ाए हैं और हमको पूरे अस्पताल में दौड़ा रहे हैं!" एकेक अक्षर खणखणीत. हिनं सहज तिची चौकशी केली. तिच्याही जिभेत असाच गुंता होता. सुया घेऊन झाल्या होत्या, आज नुसती दाखवायला आली होती. "सूजेगी खूब, पंडितजी, घबराइएगा मत," ती मला म्हणाली. "बाद का इनसे पूछिए, हमारी जबान रुकती है क्या!" नवऱ्यानं मुकाट्यानं वर हात जोडले. मला हसू फुटलं आणि डोळे भरून आले. सकाळी वेळेवर आत गेलो असतो, तर ती भेटलीच नसती.

सुईनंतर जीभ इतकी सुजली की तोंड मिटेना. श्वासावर लक्ष ठेवायला मला तिथंच ठेवून घेतलं. संध्या मनातल्या मनात चालायची. जीव धास्तावलेलाच होता, पण त्या बाईचा आवाज कानात होता. सूज उतरली की पहिला मंत्र म्हणायचा, असं ठरवलं होतं. तोंडातून निघालं भलतंच, "अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?" अक्षरन्‌अक्षर स्वच्छ. चष्मा माझ्या डोक्यावरच होता. ही हसायला लागली आणि हसता हसता रडली.

अजून एक सुई बाकी आहे. भीती वाटतेच. पण काय ने नि काय ठेव, हे मी आता देवाला सांगत नाही. त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रोज आचमनात देवाची नावं घेऊन झाली की तिच्या ठाऊक नसलेल्या नावाच्या जागी मी नुसते हात जोडतो.